पुरे कोणी म्हणायचं

शिरा गार झाला तरी नऊ मुलांपैकी एकानेही त्याला बोट लावलं नाही, याचा मला केवढा अभिमान वाटला होता. ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल. अंबरनाथ पश्चिमेला एका बुद्धविहाराच्या हॉलमध्ये आमचा बालवर्ग भरायचा. तीन ते सहा वर्षांची मुलं. पाटीवर ‘मतिमंद मुलांची शाळा’ असं ठळक लिहिलेलं होतं आणि त्यात काही वावगं आहे असं तेव्हा माझ्याही मनात यायचं नाही. त्या दिवशी पालकसभा होती. मी मुलांना भिंतीला टेकून ओळीने बसवलं, प्रत्येकापुढे बशीत शिरा ठेवला आणि हाताची घडी घालून समोर उभी राहिले. मुलं एकदा शिऱ्याकडे बघत, एकदा माझ्याकडे. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, “सुरू.” नऊ हात बशीत गेले. निम्मा शिरा संपल्यावर मी तळहात दाखवला आणि म्हटलं, “पुरे.” नऊ हात थांबले. एकाचा घास तोंडापर्यंत पोचला होता, तोही त्याने परत बशीत ठेवला. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मी चेहरा साधा ठेवला होता, पण आतून चांगलीच फुगले होते.

आज ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली एक वाजवावीशी वाटते. पण त्या वेळच्या मलाही थोडं समजून घ्यायला हवं. मी तेविशीची, मुंबईला जाऊन वर्षभराचा कोर्स करून नुकतीच परतलेली. मदतीला एक मावशी, त्याही अर्धा वेळ स्वयंपाकात. हॉलच्या दारापासून चार पावलांवर उघडा नाला आणि त्यापलीकडे ट्रकांचा रस्ता. मुलांपैकी कोणी खडू खायचं, कोणी फिनेलची बाटली तोंडाला लावायचं, कोणी दार किलकिलं दिसलं की सुटायचं. पहिल्याच आठवड्यात एक मूल नाल्याच्या कठड्यावर पाय सोडून बसलेलं सापडलं. त्याला उचलून आणलं तरी मी त्याला खाली सोडेचना, शेवटी मावशींनी त्याला माझ्याकडून काढून घेतलं. त्या दिवशी मी ठरवलं, या मुलांना आधी थांबता आलं पाहिजे. रंग, आकार, बडबडगीतं, सगळं त्यानंतर.

मग प्रत्येक गोष्टीला दोन शब्द ठरले. हात धुवायचे, सुरू. साबण गेला, पुरे. मणी ओवायचे, सुरू. डबा खायचा, सुरू. शब्द बदलायचा नाही, नाहीतर मुलांचा गोंधळ होतो, असं मी पालकांनाही बजावलं. घरी हाच शब्द, हाच तळहात. एका आजोबांनी नातवाला ‘बास’ म्हटलं म्हणून मी त्यांची चक्क कानउघाडणी केली होती. बिचारे पुढे माझ्यासमोर तोंडच उघडेनात. मी कडक होते आणि लोक मला कडक म्हणतात याचं मला कौतुकही होतं.

या नऊ जणांत एक मुलगी होती. चार वर्षांची, गोरीपान, नाकातून सतत पाणी. पहिल्या दिवशी आईच्या कडेवरून उतरायलाच तयार नव्हती. आई घरी साड्यांना फॉल-पिको करायची. उल्हासनगरच्या व्यापाऱ्यांकडून गठ्ठे आणायचे, मशीनवर बसायचं, गठ्ठे परत नेऊन द्यायचे, असं तिचं चालायचं. बाप एका कारखान्यात पाळीला. नातेवाइकांनी तिला सांगितलं होतं की अशा पोरीला शाळेत घालून काय करणार. त्यावर ती मला म्हणाली होती की आमच्यात मुलीला घरी बसवत नाहीत बाई, ही शिकणार. ती हे भांडल्यासारखं म्हणाली, जणू मीच नको म्हणत होते. मला ती तेव्हाच आवडली.

मुलीला बोलायला उशीर लागला, चमचा धरायला उशीर लागला, पण ‘सुरू’ आणि ‘पुरे’ तिने सगळ्यांत आधी उचललं. ती माझ्या चेहऱ्यावरून नजर हलवायची नाही. झुला घेताना, चित्र रंगवताना, पाणी पिताना तिचा एक डोळा माझ्याकडे असायचा. कल्याणहून दुसऱ्या शाळेच्या शिक्षिका आमचा वर्ग बघायला येत, तेव्हा मी हमखास तिला पुढे करायची. मणी ओवायला बसवायची आणि मुद्दामच ‘पुरे’ म्हणायचं लांबवायची. ती ओवत राहायची. दोरा भरला की काढून पुन्हा ओवायची. पाहुण्या बाया म्हणायच्या, काय एकाग्रता आहे. मीही मान डोलवायची.

वर्षं गेली. विहाराच्या हॉलमधून शाळा दोन खोल्यांत गेली, मग चार खोल्यांत. मुलं वाढली, तसे वर्गही वाढवत नेले. मोठ्या मुलांना मिशा फुटल्या, मुलींना साड्या नेसायची हौस वाटू लागली. आणि मग एक नियम समोर येऊन उभा राहिला, जो कागदावर पहिल्यापासून होता पण आमच्या डोळ्यांआड होता. वय वर्षं अठरा पूर्ण झालं की हजेरीपटावरून नाव कमी करायचं. ज्यांना मी नाकपुसणीपासून सांभाळलं, त्यांच्या नावावर मीच लाल शाईने रेघ ओढायची. पुढे त्यांनी कुठे जायचं, याबद्दल कुठल्याच कागदावर काही नव्हतं.

नाव कमी झालेल्यांच्या घरी मी जाऊन यायला लागले. बदलापूरला बेलवलीत आमचा एक माजी विद्यार्थी राहायचा. शाळेत असताना तो शर्टाची बटणं एकटा लावायचा, बाजारातून नेमकं सामान आणायचा, रोज सकाळी फळा पुसून ठेवायचा. मी गेले तेव्हा तो पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर पलंगावर बसला होता, अंग सुटलेलं, समोर टीव्ही चालू. त्याची आई म्हणाली की सकाळी बसतो तो जेवायलाच उठतो, तेही ‘ऊठ’ म्हटल्यावर. मला त्याने ओळखलं. उठून फळा शोधायला लागला. मी चहा न पिताच निघाले. स्टेशनपर्यंत चालत आले आणि वाटेत एका बाईला उगाचच धक्का मारून तिच्याशी भांडले.

म्हणून आम्ही शाळेत मोठ्यांचा वर्ग सुरू केला. सोळा ते अठरा वयाच्या मुलांना कामाची सवय लावायची आणि नाव कमी व्हायच्या आत कुठेतरी चिकटवून द्यायचं, असा विचार. मी अर्ज घेऊन आनंदनगरच्या एमआयडीसीत गेटागेटावर फिरले. बहुतेक ठिकाणी वॉचमननेच वाटेला लावलं. एका मॅनेजरने खुर्ची दिली, चहा दिला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, तुमचं काम फार पुण्याचं आहे. पुण्य मला नको होतं, एक जागा हवी होती.

जागा शेवटी त्या मुलीच्या आईनेच शोधली. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये ती जिथून साड्यांचे गठ्ठे आणायची, त्याच गल्लीत एक गाळा होता. तिथे केसांच्या क्लिपा कार्डावर लावून पाकिटं बनवायचं काम चालायचं. दहा-बारा बायका गोणपाटावर बसून काम करायच्या. गाळा चालवणारी सिंधी बाई, सगळ्या तिला दादी म्हणायच्या. अंगाने भारी, गुडघ्यांनी अधू, दाराजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सगळ्यांवर लक्ष ठेवणारी. तिने मुलीला बघितलं, हातात कार्ड दिलं. कार्डावर बारा खाचा होत्या. मी म्हटलं, “सुरू.” मुलीने खाचेत क्लिप बसवली, मग दुसरी, मग तिसरी. बारा झाल्या, दुसरं कार्ड घेतलं. दादीने दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाली, “कल से भेजो. महिनाभर बघू, जमलं तर पक्की.”

मुलगी अठराची व्हायला तेव्हा दोन महिने होते. आमच्या शाळेतून बाहेर कामाला लागणारी ती पहिली. मी पेढे वाटले. दोन आठवडे दादीकडून नुसती स्तुती ऐकू येत होती. तुमची लडकी मान वर करत नाही, बाकीच्या बायका गप्पा मारतात, ही बोलत नाही, मशीन आहे मशीन. मी ते शाळेत सगळ्यांना सांगत सुटले.

तिसऱ्या आठवड्यात तिची आई शाळेत आली. मुलगी बरोबर होती. आईने मुलीचे हात माझ्यापुढे धरले. दोन्ही अंगठ्यांची साल निघाली होती, एका बोटाला चीर पडून रक्त सुकलं होतं. मग तिने पिशवीतून डबा काढला आणि उघडून टेबलावर ठेवला. चपाती-भाजी जशीच्या तशी. हा आजचा, म्हणाली, कालचाही असाच आला. आणि पिशवीत खाली एक ओली सलवार होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.

मला काही कळायला वेळ लागला. दादीने छळ केला असणार, असंच मला वाटलं आणि मी चवताळून उठले. आईने मला बसायला सांगितलं. म्हणाली, कुणी काही केलेलं नाही. बायका तिला जेवायला ये म्हणतात, ही जात नाही. पाणी पी म्हणतात, पीत नाही. बाथरूमला चल म्हणतात, हलत नाही. त्या काय म्हणतात ते तिच्या कानात शिरतच नाही, कारण ती वेगळ्याच शब्दाची वाट बघत असते.

“बाई,” ती म्हणाली, “तिथं तिला ‘पुरे’ म्हणायला कोणी नाही.”

मी लगेच उपाय सांगितला. तशी मी उपायांची पक्की. म्हटलं, सोपं आहे, दादीला शब्द शिकवू, दर दोन तासांनी म्हणेल.  आई म्हणाली की दादी आज आहे, उद्या दुसरी कोणी येईल. मी आहे, उद्या नसेन. तुम्ही किती जणांना शब्द शिकवणार? आणि शेवटी तिने सांगितलं की हा महिना संपेपर्यंत ती थांबेल. तोवर मुलीला स्वतःहून थांबता आलं तर ठीक, नाहीतर घरी बसवणार. घरी निदान वेळेवर जेवेल तरी. एकदा घरी बसली की पुन्हा बाहेर पडणार नाही हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. आमच्यात मुलीला घरी बसवत नाहीत म्हणणारी बाई हे बोलत होती, आणि तिला तिथवर मी आणलं होतं. मला रडू आलं. तिच्यासमोर रडले, लपवलं नाही.

दादीकडून मी आठ दिवसांची सुट्टी मागून घेतली आणि कामाला लागले. एक स्टीलचा जग, एक पेला, खाली परात. मुलीला म्हटलं, पाणी ओत, सुरू. पेला भरला. मी काही बोलले नाही. पेला वाहायला लागला, परात भरली, फरशीवर ओघळ गेला, माझ्या चपला भिजल्या. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. जग रिकामा झाला तरी तिरका धरून उभी. मी समजावून सांगितलं, पेला भरला की आपणच थांबायचं. तिने मान हलवली. दुसरा जग, तोच प्रकार. त्या दिवशी सात जग झाले. सातव्याला मी ओरडले. ती घाबरली आणि आणखी जोरात ओतायला लागली.

तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी मी हात टेकले होते, तेव्हा तिच्या आईने एक गोष्ट सांगितली. सकाळी ती मोरीकडे पाठ करून मशीनवर बसली होती आणि मुलगी मोरीत हंडा भरत होती. हंडा भरला आणि मुलीने नळ बंद केला. आपणहून. आईला आश्चर्य वाटलं म्हणून तिने वळून बघितलं, तर मुलीने तिच्या तोंडाकडे बघून नळ पुन्हा उघडला.

आई म्हणाली, “आपलं तोंड दिसलं की ती स्वतःचं विसरते, बाई.”

चौदा वर्षं मी शिकवत होते. कोर्सचं प्रमाणपत्र काच लावून भिंतीवर टांगलं होतं. आणि मशीनवर बसून पिको करणाऱ्या बाईने मला माझ्या धंद्यातली चूक दाखवली. वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला.

पाचव्या दिवसापासून मी तिच्याकडे पाठ करून बसायला लागले. हे ऐकायला सोपं वाटतं. मला ते जमेना. मान आपोआप वळायची. मग समोरच्या कपाटाच्या काचेत मी चोरून बघायला लागले, तर तिने त्या काचेत माझे डोळे बरोबर पकडले आणि पेला वाहू दिला. मावशी हसत सुटल्या. मी काचेवर वर्तमानपत्र चिकटवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मागे पाणी पडत होतं. पेला भरतानाचा आवाज बारीक होत जातो, हे मला तेव्हा कळलं, कारण ऐकण्याशिवाय मला काही करता येत नव्हतं. पहिले दोन जग वाया गेले. तिसऱ्याला आवाज बारीक होत होत एकदम बंद झाला.

“पुरे,” ती म्हणाली.

तो माझाच सूर होता. तोच कडक ‘पु’, तोच शेवटी दाबलेला ‘रे’. मी वळले नाही, पण मला हुंदका आवरेना. मावशींनी नंतर सांगितलं की तिने स्वतःचा तळहात स्वतःलाच दाखवला होता.

पण पेला आणि पोट यात फरक आहे. पेला भरलेला दिसतो. भूक कुठे दिसते? आम्ही तिला भूक कधी लागूच दिली नव्हती. शाळेत अकराला घंटा, की डबा. साडेबाराला घंटा, की रांगेने बाथरूम. लघवी लागलेली आहे की नाही हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, वेळ झाली की नेलं जायचं. घरीही माझ्याच सांगण्यावरून वेळापत्रक भिंतीवर लावलेलं. अठरा वर्षांच्या मुलीला पोटात जे काही होतं त्याला काय म्हणतात हे माहीत नव्हतं.

तेव्हा मी आणि मुलगी मोठ्यांच्या वर्गात डबे पुढ्यात ठेवून बसलो. घंटा नाही, शब्द नाही. बारा वाजले, एक वाजला. मी तिच्या पोटावर तिचाच हात ठेवायची आणि म्हणायची, इथे ओढतंय ना, ती भूक, आणि खाली दाटलं की ती लघवी. आणि पुन्हा गप्प बसायची. हे मला फार जड गेलं. माझ्याही पोटात कावळे ओरडत होते आणि भुकेल्या लेकराला मुद्दाम उपाशी ठेवलंय असं सारखं वाटत होतं. पहिल्या दिवशी अडीचला मीच हरले आणि तिला भरवलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी पावणेदोनच्या सुमाराला तिने हात लांब केला, माझा डबा ओढला, उघडला आणि खायला लागली. तिच्या डब्यात मेथी होती, माझ्यात बटाटा. मावशी तिला ओरडणार होत्या, मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. त्या दिवशी मी तिची मेथी खाल्ली.

ती गाळ्यावर परत गेली. मी रोज जाऊन बघणार होते, पण तिच्या आईने मला येऊ दिलं नाही. पहिले दोन दिवस डबा भरलेला आला. तिसऱ्या दिवशी अर्धा. चौथ्या दिवशी रिकामा आला आणि आईने तो घासायच्या आधी मला आणून दाखवला. त्यानंतर आठवडाभर सगळं बरं चाललं होतं, सलवारही कोरडी असायची. मग दादीचा निरोप आला की आईला आणि बाईला बोलवलंय.

आम्ही गेलो तेव्हा एक वाजत आला होता. बायका गोणपाटावर ओळीने बसलेल्या, मुलगी तिसऱ्या ओळीत. दादीने आम्हाला बसायलाही सांगितलं नाही. तिची तक्रार अशी की पहिल्यांदा ही लडकी सोन्यासारखी होती. आता विचारत नाही, सवरत नाही, मनाला आलं की उठते. गाळ्याची पद्धत होती की हातातला माल संपला की दादी ‘चलो’ म्हणणार आणि मग सगळ्यांनी एकदम जेवायचं. कधी एक वाजता, कधी तीन वाजता. आजवर कुणी मोडली नव्हती. आता ही उठते आणि ही उठली की हिच्या शेजारची उठते, मग तिच्या शेजारची. सगळ्या जणी कार्डं टाकून डबे उघडतात.

“ये तुम्हारा सुनती है,” दादी मला म्हणाली. “तुम्ही बोला तिला. माल संपेपर्यंत बसायचं. नहीं तो मैं नहीं रख सकती.”

गाळ्यातले सगळे हात थांबले होते. बायका माझ्याकडे बघत होत्या. मी आईकडे बघितलं, तिने पदर तोंडाशी धरला होता. माझ्या डोळ्यांपुढे बेलवलीतला तो पलंग आला, तो टीव्ही. एमआयडीसीतली सगळी गेटं आठवली. ही जागा गेली तर दुसरी मिळणार नाही, हे मला दिसत होतं. आणि मी घाबरले. मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि त्याच जुन्या आवाजात म्हटलं, “सुरू.”

हो, मीच म्हटलं.

तिचा हात लगेच क्लिपेकडे गेला. तिने एक क्लिप खाचेत बसवली. दुसरी उचलली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, लहानपणी बघायची तशीच. मग तिची नजर खाली गेली, स्वतःच्या पोटाकडे. तिने दुसरी क्लिप परत ढिगात ठेवली.

“बाई, भूक लागली,” ती म्हणाली, आणि उठली.

माझ्याजवळून गेली, नळावर हात धुतले, खुंटीवरची पिशवी काढली आणि भिंतीशी बसून डबा उघडला. मला क्षणभर राग आला, तो मी इथे लिहून ठेवते. चौदा वर्षांत तिने माझं ऐकलं नाही असं पहिल्यांदाच घडत होतं आणि तेही इतक्या लोकांसमोर. मग तो राग उतरला आणि कानशिलं तापली. ज्या गोष्टीसाठी मी भिंतीकडे तोंड करून बसले होते, ती गोष्ट मीच मोडायला निघाले होते आणि तिने ती मोडू दिली नव्हती. तिच्या शेजारची बाई उठली. मग आणखी एक. तिच्या आईच्या पदराआडून आवाज आला, मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती.

दादी खुर्चीत बसून त्या उठलेल्या ओळीकडे बघत राहिली.  मग ती मला म्हणाली, “ठीक आहे. एक वाजता जेवू दे. सगळ्याच जेवू देत. लेकिन सव्वाला बरोबर परत बसायचं, तेवढं सांगा तिला.”

मी म्हटलं, “मला नका सांगू, दादी. तिलाच सांगा.”

दादीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी उद्धटपणे बोलले होते. मग खुर्चीच्या हातांवर भार देऊन ती उठली. आम्ही तिला उठलेलं क्वचितच बघितलं होतं. गुडघे धरत, गोणपाटांच्या कडेकडेने ती भिंतीपर्यंत गेली आणि मुलीसमोर उभी राहिली. “बेटा,” ती म्हणाली, “सव्वा वाजला की परत बसायचं. बसशील ना?”

मुलीने वर बघितलं. तिचं तोंड भरलेलं होतं.

“जेवतेय,” ती म्हणाली.

दादी तिचा घास संपायची वाट बघत तिथेच उभी राहिली.